मोटारप्रवासात मोठे वनस्पती उद्यान कसे पाहावे: कुटुंबासाठी सविस्तर मार्गदर्शन

कुटुंबासह गाडीने लांबच्या प्रवासाला निघाल्यावर वाटेत एखादे मोठे वनस्पती उद्यान येते आणि ‘तासाभरात पाहून पुढे जाऊ’ असे ठरते. हा बेत बहुतेक वेळा फसतो. मुले पहिल्या हिरवळीवरच रमतात, वडीलधाऱ्यांचे पाय दुखू लागतात, काचगृहापर्यंत पोहोचेपर्यंत ते बंद व्हायची वेळ झालेली असते आणि गाडी चालवणाऱ्याचे लक्ष सतत घड्याळाकडे असते. वनस्पती उद्यान ही फिरायला जायची साधी बाग नव्हे. तिथले प्रत्येक महत्त्वाचे झाड कुठून आले, कधी आले आणि कोणत्या कुळातले आहे याची नोंद ठेवलेली असते. म्हणजेच तो एक जिवंत संग्रह असतो. इटलीतील पादुआ येथे १५४५ साली विद्यापीठासाठी असे उद्यान उभारले गेले, ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती बिनचूक ओळखता याव्यात म्हणून. ते उद्यान आजही मूळ जागीच आहे आणि १५८५ साली लावलेला एक पाम तिथे अजून उभा आहे. अशा ठिकाणी पाहण्यासारखे इतके असते की सगळे पाहण्याचा हट्ट सोडून थोडकेच, पण नीट पाहायचे ठरवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पुढची सारी आखणी याच भूमिकेतून केलेली आहे.

आधी आकारमानाचा अंदाज घ्या

उद्यानाचे क्षेत्रफळ बहुधा हेक्टरमध्ये दिलेले असते आणि त्या आकड्यावरून पायपिटीची कल्पना पटकन येत नाही. एक सोपा हिशेब लक्षात ठेवावा: शंभर हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर. जागा चौरस आहे असे धरले तर नुसती कडेकडेने एक फेरी मारायला चार किलोमीटर चालावे लागते आणि आतल्या वळणदार पायवाटा यात मोजलेल्याच नाहीत. लंडनजवळचे क्यू उद्यान सुमारे १३० हेक्टरांचे आहे, हावड्याचे आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान सुमारे १०९ हेक्टरांचे आणि सिंगापूरचे ८२ हेक्टरांचे. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर थांबत, पाहत, बसत तासाला दोन किलोमीटरांहून अधिक अंतर कापले जात नाही, असे धरून चालावे. या हिशेबाने मोठ्या उद्यानाला किमान साडेतीन ते चार तास लागतात, आणि तेही निवड करून पाहिले तर. एवढा वेळ हाताशी नसेल तर मोठे उद्यान वगळून वाटेतले एखादे लहान उद्यान निवडणे मला अधिक योग्य वाटते, कारण धावपळीत पाहिलेल्या मोठ्या उद्यानातून दमणूक तेवढी पदरी पडते.

प्रवासाच्या आखणीत उद्यान कुठे बसवावे

सर्वांत चांगली मांडणी अशी, की आदल्या संध्याकाळी उद्यानाच्या जवळपास मुक्काम करावा, सकाळी दार उघडताच आत शिरावे, दुपारी बाहेर पडावे आणि त्या दिवशीचा पुढचा प्रवास दोन तासांच्या आत संपेल असा ठेवावा. सकाळी ऊन कोवळे असते, पार्किंगला जागा मिळते, पक्षी दिसतात आणि मुले ताजीतवानी असतात. यातले एकही दुपारी तीन वाजता मिळत नाही.

मुक्कामाचे असे जुळत नसेल तर सकाळी लवकर निघून दीड-दोन तास गाडी चालवून उद्यानात पोहोचावे. सहा-सात तास गाडी चालवून झाल्यावर दिवसाच्या शेवटी उद्यान ठेवणे मात्र टाळावे. यात खरी गैरसोय होते ती गाडी चालवणाऱ्याची. तोही सहलीलाच आलेला असतो, पण थकव्यामुळे तो बाकावर बसून राहतो आणि उरलेल्या अंतराची काळजी करत राहतो. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटांची विश्रांती घ्यावी, असा सल्ला वाहतूक-सुरक्षेच्या नियमपुस्तिकांत दिला जातो. उद्यानातली चार तासांची भटकंती ही मात्र त्या अर्थाने विश्रांती नव्हे, कारण तीही अंगमेहनतच असते.

हंगाम, दिवस आणि आधीची चौकशी

समशीतोष्ण प्रदेशातल्या उद्यानात वसंतात कंदवर्गीय फुले, मॅग्नोलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांचा बहर असतो, तर शरदात पानांचे रंग पाहण्यासारखे असतात. हिवाळ्यात बाहेर खोडांची साल, फांद्यांची घडण आणि सदाहरित वृक्ष एवढेच उरते. मग भर काचगृहांवर द्यावा. उष्ण प्रदेशात पाऊस सरल्यानंतरचे आठवडे सर्वांत सुखाचे असतात. दक्षिण गोलार्धात हे चक्र उलटे असते: दक्षिण आफ्रिकेतील कर्स्टनबॉश हे १९१३ साली स्थापन झालेले उद्यान प्रामुख्याने त्या देशाची स्वतःची वनसंपदा जोपासते आणि तिथला वसंत-बहर ऑगस्टपासून सुरू होतो.

निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर किंवा दूरध्वनीवर काही गोष्टींची खात्री करून घ्यावी. साप्ताहिक सुटी कोणती, शेवटचा प्रवेश किती वाजता, तिकीट आधी आरक्षित करावे लागते का, हे तर विचारावेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे काचगृहे किती वाजता बंद होतात हे विचारावे. अनेक ठिकाणी उद्यान संध्याकाळपर्यंत उघडे असले तरी काचगृहांची दारे त्याआधी तास-दोन तास लागतात आणि एखादे काचगृह दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद असू शकते. त्या दिवशी फुलांचे प्रदर्शन किंवा एखादा मोठा कार्यक्रम आहे का, हेही पाहावे. बंगळुरूच्या लालबागेत जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा गर्दीचे गणितच बदलते. प्रदर्शन पाहायचे असेल तर अवश्य जावे, पण झाडे शांतपणे पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत. हवामानाचा अंदाजही फक्त पावसासाठी पाहू नये. जुने, उंच वृक्ष असलेली उद्याने सोसाट्याच्या वाऱ्यात फांद्या कोसळण्याच्या भीतीने पूर्णपणे बंद ठेवली जातात, त्यामुळे वादळी वाऱ्याची सूचना असेल तर त्या दिवसाचा पर्यायी बेत तयार असावा.

घराजवळच्या एखाद्या उद्यानाचे सदस्यत्व असेल तर तेही तपासावे. काही उद्याने परस्परांच्या सदस्यांना सवलतीने किंवा विनाशुल्क प्रवेश देतात आणि लांबच्या प्रवासात दोन-तीन उद्याने वाटेवर येणार असतील तर हा लाभ मोठा ठरतो.

एका बाबतीत मात्र ठरलेला मार्गसुद्धा बदलायला हरकत नाही. सुमात्रातील टायटन ॲरम ही वनस्पती अनेक वर्षांनी एकदा फुलते, तिचा पुष्पविन्यास, म्हणजे एकाच दांड्यावरचा फुलांचा समूह, माणसाच्या उंचीहून मोठा होऊ शकतो आणि तो उमललेला राहतो जेमतेम एक-दोन दिवस. सुमात्राबाहेर ती पहिल्यांदा फुलली ती १८८९ साली, क्यू उद्यानात. कुजलेल्या मांसासारखा तिचा वास मुलांना जन्मभर लक्षात राहतो. कळी वाढू लागली की उद्याने तसे जाहीर करतात. तेव्हा प्रवासाच्या आठवड्यात तशी बातमी दिसली तर शंभरेक किलोमीटरांचा वळसासुद्धा वाया जात नाही.

नकाशा समोर ठेवून तीनच ठिकाणे निवडा

ही पायरी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच बहुतेक कुटुंबे गाळतात. आदल्या रात्री उद्यानाचा नकाशा उघडून सगळ्यांनी एकत्र बसावे आणि तीन ठिकाणे ठरवावीत: एक काचगृह, एक मोकळ्यावरचा विभाग आणि एक मुलांच्या पसंतीची जागा. मोकळ्यावरचा विभाग म्हणजे वृक्षराजी, बांबूचे बन, औषधी वनस्पतींचे वाफे, खडकबाग किंवा कमळकुंड यांपैकी काहीही असू शकेल. मुलांची पसंती मात्र खरोखर मुलांनाच ठरवू द्यावी. त्यांनी कीटकभक्षी वनस्पती म्हटले किंवा झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा उंच पूल म्हटला, तरी ते मोठ्यांच्या गुलाबवाटिकेइतकेच महत्त्वाचे मानावे. उरलेले सारे वाटेत दिसेल तेवढे दिसेल.

तीन ठिकाणे ठरली की त्यांना जोडणारी वाट आखावी. चढ-उतार, पायऱ्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि सावलीतली बाके नकाशावर हेरून ठेवावीत. बरोबर चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर फरसबंदी वाट आणि खडीची वाट यांतला फरक आधीच विचारून घ्यावा, कारण जाड खडीवरून बाबागाडी ढकलण्यात माणसाची सगळी शक्ती खर्ची पडते. चाकाच्या खुर्च्या अनेक मोठ्या उद्यानांत वापरायला मिळतात, पण त्या मोजक्या असल्यामुळे आधी सांगून ठेवलेले बरे.

गाडीतून बरोबर काय न्यावे

मोटारप्रवासाचा फायदा असा, की सगळे सामान डिकीत ठेवून गरजेपुरतेच उचलता येते. माणशी पाण्याची एक बाटली, टोपी, वापरून मऊ झालेले बूट, पातळ सुती सदरा आणि त्यावर घालायला काहीतरी, एवढे पुरते. दोन थरांचे कपडे लागतात कारण बाहेर गारठा असला तरी उष्णकटिबंधीय काचगृहात शिरताच दमट उकाड्याने घाम फुटतो. हातभिंग आणि छोटी दुर्बीण अवश्य घ्यावी. नेच्याच्या पानाच्या पाठीवरचे तपकिरी ठिपके, म्हणजे बीजाणूंचे पुंजके, भिंगातून एकदा पाहिले की मूल पुढच्या प्रत्येक नेच्याचे पान उलटून बघते. वही आणि पेन्सिल, डासांसाठी मलम, जखमेवर लावायच्या पट्ट्या आणि ज्यांना लागतात त्यांची औषधे पिशवीत असावीत. दमा असणाऱ्याचा पंप गाडीत नव्हे, खिशात हवा. परागकण आणि दमट हवा यांचा त्रास कधी सुरू होईल ते सांगता येत नाही.

डिकीत एक कपड्यांचा जोड, एक जुना टॉवेल आणि बुटांचे तळवे घासण्यासाठी एक ताठ ब्रश ठेवावा. ब्रशाचे कारण पुढे येईल.

पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे

गाडी लावल्यावर तिच्या जागेचे आणि जवळच्या खांबाचे छायाचित्र काढून ठेवावे. मौल्यवान सामान दिसेल असे ठेवू नये. आणि सर्वांत कडक नियम असा, की झोपलेले मूल, वयस्कर माणूस किंवा पाळीव प्राणी यांपैकी कोणालाही बंद गाडीत क्षणभरही सोडून जाऊ नये. उन्हात उभ्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंश सेल्सियसने चढू शकते आणि काचा थोड्या खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. पुष्कळ उद्यानांत मदतनीस कुत्र्यांखेरीज इतर प्राण्यांना प्रवेश नसतो. त्यामुळे कुत्रा बरोबर असेल तर त्याची सोय प्रवास ठरवतानाच लावावी, दाराशी पोहोचल्यावर नव्हे.

आत शिरताच चौकशी कक्षात एकच प्रश्न विचारावा: आज काय फुलले आहे? छापील पत्रकात नसलेली माहिती तिथल्या माणसांकडे असते. मोठ्या उद्यानात फेरी मारणारी छोटी गाडी असेल तर सुरुवातीलाच तिच्यात बसून एक फेरी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. लोक दमल्यावर शेवटी तिच्यात बसतात. पण आरंभी बसल्याने उद्यानाची रचना सगळ्यांच्या डोक्यात बसते आणि वडीलधाऱ्यांची ताकद पुढच्यासाठी राखली जाते. फेरी सुरू होण्यापूर्वीच चुकामूक झाल्यास भेटायची जागा ठरवावी. दाट झाडीत आणि लोखंडी काचगृहात मोबाइलचा संपर्क तुटतो, म्हणून लहान मुलांच्या खिशात पालकांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

कोणत्या वेळी काय पाहावे

क्रम ठरवताना झाडांचे स्वतःचे वेळापत्रक पाळावे. कमळकुंड सकाळीच गाठावे, कारण कमळे पहाटे उमलतात आणि दुपारकडे मिटू लागतात. पाणलिलींचे तर दोन गट असतात: काही जाती दिवसा उमलतात, काही रात्री उमलून उजाडल्यावर थोडा वेळ उघड्या राहतात. सकाळी लवकर गेले तर दोन्ही गट एकाच कुंडात उमललेले सापडण्याची शक्यता असते. तिथे मुलांना एक निरीक्षण करायला सांगावे. पाणलिलीचे पान पाण्यावर तरंगते आणि त्याला देठापर्यंत गेलेली खाच असते. कमळाची मोठी पाने पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी राहतात, त्यांना खाच नसते आणि देठ मधोमध जोडलेला असतो. कमळाच्या पानावर पडलेला थेंब पसरत नाही, पाऱ्यासारखा घरंगळतो, कारण पानाच्या पृष्ठभागावर मेणाचा थर असलेले अतिसूक्ष्म उंचवटे असतात.

त्यानंतर मोकळ्यावरचे वृक्ष पाहावेत आणि ऊन चढले की सावलीकडे किंवा बांबूच्या बनाकडे वळावे. काचगृहाची वेळ हवामानावरून ठरवावी: थंडीच्या दिवसांत ते मधल्या वेळेला ठेवावे म्हणजे अंगात ऊब येते, उन्हाळ्यात मात्र सकाळीच उरकावे, कारण दुपारी आतली हवा सोसवत नाही. रक्तदाबाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी आत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. वर जाणारा गोल जिना असेल तर तिथे उष्णता आणखी साठते हेही ध्यानात असावे. थंड हवेतून आत गेल्यावर कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते. ती पुसत बसू नये, कॅमेरा पिशवीत ठेवून काही मिनिटे जाऊ द्यावीत, म्हणजे वाफ आपोआप निघून जाते.

नामफलक वाचायला शिका

उद्यानातली पाटी वाचता आली की पाहण्याची रीतच बदलते, म्हणून याला थोडा वेळ द्यावा. वडाच्या झाडाखालची पाटी घ्या. तिच्यावर ‘फायकस बेंगालेन्सिस एल.’ असे लॅटिन नाव असते. पहिला शब्द प्रजाती, दुसरा जाती आणि शेवटचे ‘एल.’ हे अक्षर त्या जातीचे शास्त्रीय नामकरण करणाऱ्याचे, म्हणजे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांचे. दोन शब्दांची ही पद्धत त्यांनी १७५३ साली सर्व वनस्पतींना सातत्याने लावली आणि जगभर तीच रूढ झाली. पिंपळ, उंबर आणि अंजीर यांच्या पाट्यांवरही पहिला शब्द ‘फायकस’च दिसतो, एवढे दाखवले की ही चारही झाडे जवळची भावंडे आहेत हे मुलांना न शिकवता कळते. खाली कुळाचे नाव आणि मूळ प्रदेश असतो. दोन शब्दांच्या मध्ये गुणाकाराचे चिन्ह असेल तर तो संकर समजावा आणि एकेरी अवतरणात नाव असेल तर ते माणसाने निवडून वाढवलेले वाण.

पाटीच्या कोपऱ्यात किंवा फांदीला अडकवलेल्या धातूच्या पट्टीवर एक क्रमांकही असतो. तो त्या झाडाचा नोंदणी क्रमांक. पुष्कळ उद्यानांत त्याचे पहिले चार अंक ते झाड संग्रहात दाखल झाल्याचे वर्ष दाखवतात. आपल्या जन्मसालाच्या आधी दाखल झालेले झाड शोधायला मुलांना सांगावे. मग आजी-आजोबांच्या जन्मसालाच्या आधीचे. हा खेळ तासभर सहज चालतो आणि त्यात पाट्या आपोआप वाचून होतात. छायाचित्रे काढताना आधी पाटीचे, मग झाडाचे असा क्रम कायम ठेवावा, नाहीतर घरी आल्यावर एकही नाव आठवत नाही.

थांबून पाहण्यासारखे काही

अमेझॉनची महापाणलिली, म्हणजे व्हिक्टोरिया, कुंडात असेल तर तिच्यापाशी घाई करू नये. पानाचा व्यास अडीच मीटरांच्या पुढे जातो आणि कडा ताटासारखी वर वळलेली असते. पानाची खालची बाजू दिसेल अशा ठिकाणी वाकून पाहावे: मध्यापासून निघालेल्या जाड शिरा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि सगळीकडे काटे. या बांधणीमुळेच पान वजन पेलते. जोसेफ पॅक्स्टन यांनी १८४९ साली इंग्लंडमध्ये ही वनस्पती फुलवली तेव्हा आपल्या लहान मुलीला तिच्या पानावर उभे केले होते. हिचे फूल संध्याकाळी उमलते, पहिल्या रात्री पांढरे आणि सुगंधी असते, भुंगेरे आत शिरले की पहाटे मिटते आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन परागाने माखलेल्या भुंगेऱ्यांना सोडून देते. उद्यान उशिरापर्यंत उघडे असेल तर यासाठी शेवटचा अर्धा तास राखावा. थंड देशांत हे झाड दरवर्षी बियांपासून नव्याने वाढवतात, त्यामुळे पूर्ण आकाराची पाने उन्हाळा बराच सरल्यावर दिसतात. याच प्रजातीतली बोलिव्हियातील एक जाती वेगळी आहे हे २०२२ साली जाहीर झाले, आणि तिचा वाळवलेला नमुना क्यूच्या संग्रहात १७७ वर्षे पडून होता.

वाळवंटी काचगृहात कॅक्टस आणि युफोर्बिया शेजारी शेजारी लावलेले असतात आणि एकाच घरातले वाटतात. प्रत्यक्षात पहिले मूळचे अमेरिका खंडांतले, तर इथे दिसणारे काटेरी युफोर्बिया प्रामुख्याने आफ्रिकेतले; कोरड्या हवेत तगण्याच्या गरजेतून दोघांना सारखे रूप आले. ओळखायची खूण भिंगातून दिसते: कॅक्टसचे काटे लवदार गादीसारख्या लहान ठिपक्यातून झुबक्याने निघतात, युफोर्बियाला तशी गादी नसते आणि काटे बहुधा जोडीने असतात. युफोर्बिया खरवडला तर पांढरा चीक निघतो, पण हे करून पाहू नये. तो चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते.

व्हॅनिलाचा वेल दिसला तर मुलांना एडमंड अल्बियस या मुलाची हकिगत सांगावी. मेक्सिकोबाहेर नेलेल्या व्हॅनिलाला फुले येत, पण शेंगा धरत नसत. १८४१ साली रीयुनियन बेटावर बारा वर्षांच्या या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधली आणि आजही व्हॅनिलाचे परागीभवन याच रीतीने हाताने केले जाते.

सायकडच्या, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या प्राचीन गटातल्या झाडांच्या, दालनात ‘एन्सेफॅलार्टोस वुडी’ हे नाव आढळले तर त्या कुंडीपुढे अवश्य थांबावे. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेत याचे एकच नर झाड सापडले, मादी आजवर मिळालेली नाही आणि जगातल्या उद्यानांतली या जातीची सगळी झाडे त्या एकाच झाडाच्या धुमाऱ्यांपासून वाढवलेली आहेत. वनस्पती उद्याने कशासाठी असतात, हे मुलांना समजावून सांगायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मुले, वडीलधारे आणि सुरक्षितता

दर चाळीस-पन्नास मिनिटांनी बसण्याचा थांबा घ्यावा आणि भूक लागायच्या आधी खाऊन घ्यावे. खाण्यासाठी नेमून दिलेली जागा असेल तिथेच बसावे. मोठ्यांना एखाद्या विभागात रेंगाळायचे असेल आणि मुले कंटाळली असतील तर ओढाताण करू नये. दोन गट करून ठरल्या वेळी भेटावे.

मुलांना एक नियम दाराशीच सांगावा: पाहायचे, वास घ्यायचा, पण तोडायचे नाही आणि तोंडात काहीही घालायचे नाही. कण्हेर, एरंड, धोतरा आणि गुंज या ओळखीच्या वनस्पतीसुद्धा विषारी आहेत. गुंजेची लालकाळी बी मुलांना भुरळ घालते आणि ती चावली गेल्यास जीवघेणी ठरू शकते. चुकून काही खाल्ले गेलेच तर पाटीचे छायाचित्र काढून ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी. वनस्पतीचे नाव डॉक्टरांच्या उपयोगी पडते. लाजाळूच्या पानांना जिथे हात लावायला परवानगी असेल तिथे लावू द्यावा, पण व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी वनस्पतीच्या सापळ्यासारख्या पानात बोट घालू देऊ नये. त्याच्या आतल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की सापळा मिटतो, आणि प्रत्येक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो, त्यामुळे गमतीखातर मिटवलेला सापळा त्या रोपाचे नुकसान करतो.

बाहेर पडताना

बाहेर पडण्यापूर्वी सर्वांचे खिसे आणि मुलांच्या मुठी पाहाव्यात. पडलेली बी किंवा फांदीचा तुकडा नेणे निरुपद्रवी वाटते, पण संग्रहातील बी उचलणे नियमांविरुद्ध असते, आणि सीमा ओलांडून बिया किंवा रोपे नेण्यासाठी बहुतेक देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. उद्यानाच्या दुकानातून रोप घेतले तरी पुढच्या प्रवासात उन्हात तापलेल्या गाडीत ते टिकेल का, याचा विचार करावा. बियांचे पाकीट किंवा चित्रे प्रवासाला सोयीची.

मग गाडीपाशी तो ब्रश काढावा आणि सगळ्यांच्या बुटांचे तळवे घासून चिखल झटकावा. फायटोफ्थोरा गटातले, मुळे कुजवणारे सूक्ष्मजीव ओल्या मातीबरोबर एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात. न्यूझीलंडमधील प्राचीन कौरी वृक्ष अशाच रोगाने मरत आहेत आणि तिथे जंगलवाटांच्या तोंडाशी बूट धुण्याची ठाणी बसवली आहेत. ज्या कुटुंबाच्या मार्गात पुढे आणखी उद्यान किंवा जंगल आहे, त्यांनी हे दोन मिनिटांचे काम कधीही टाळू नये.

गाडी सुरू होताच मुले बहुधा झोपी जातात आणि तीच गुंगी चालवणाऱ्यालाही येते. म्हणून निघण्याआधी त्याने आसन मागे करून वीसेक मिनिटे डोळे मिटावेत, त्या वेळात इतरांनी पाणी भरून घ्यावे आणि ओले कपडे बदलावेत. उठल्यावरही जडपणा जात नसेल तर दुसऱ्याने गाडी हाती घ्यावी, आणि तसे दुसरे कोणी नसेल तर त्या दिवसाचा मुक्काम तिथेच करावा.